हर्बर्टच्या गावची रेकॉर्ड

बाबांच्या कंपनीच्या मशीन शॉपमध्ये जी कॅपस्टन लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र होतं, तिला सगळे 'हर्बर्ट' म्हणायचे. 'हर्बर्टवर आज कोण आहे?' 'हर्बर्टचं कूलंट बघा रे.' घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. खंडेनवमीला कंपनीत पूजा असायची आणि त्या एका दिवशी घरच्यांना आत सोडायचे, तेव्हा मी ती पाहिली. हिरवट रंग, टर्रेटला झेंडूची माळ, चकवर हळदकुंकवाची बोटं आणि पुढच्या अंगाला एक पितळी पट्टी. इतक्या वर्षांच्या हातांनी आणि तेलाने ती पट्टी गुळगुळीत झाली होती. बाबांनी त्यावरची अक्षरं बोट फिरवून मला वाचून दाखवली : आल्फ्रेड हर्बर्ट लिमिटेड, कोव्हेंट्री, इंग्लंड. मी नुकतीच इंग्रजी अक्षरं जुळवायला लागले होते. 'कोव्हेंट्री' हा भोसरीबाहेरच्या जगातला मला वाचता आलेला पहिला शब्द असावा.

टाटांनी २००८ साली जग्वार-लँड रोव्हर विकत घेतली, तेव्हापासून पुण्याहून कोव्हेंट्रीला जाणाऱ्या इंजिनिअरांची एक पायवाटच पडली आहे. त्याच वाटेने मीही गेले. दोन वर्षांसाठी म्हणून गेले आणि चार राहिले. फोलशिल भागात एका पंजाबी आंटींच्या घराचा माळा मला भाड्याने मिळाला. उतरतं छप्पर, एक खिडकी, आणि कोपऱ्यात आंटींच्या मुलाचं शाळकरी वयातलं सामान : फुटबॉलचे बूट, एक रेकॉर्ड प्लेअर आणि तीस-चाळीस रेकॉर्डी. "वाजवायच्या असतील तर वाजव," आंटी म्हणाल्या. "आम्ही तेव्हा त्याला ओरडायचो, आता तो लांब राहतो तर घर शांत वाटतं."

त्या रेकॉर्डींमध्ये दोन एकाच बँडच्या होत्या. बँडचं नाव द स्पेशल्स. पहिली १९७९ सालची, दुसरी १९८० सालची 'मोअर स्पेशल्स'. पहिलीचा पुठ्ठा कडांना पार झिजला होता. दुसरीचा जवळपास कोरा होता. ही गोष्ट मला तेव्हाच खटकली होती.

पहिलीबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर दुसरीत काय घडलं ते कळणार नाही.

स्का हे जमैकाचं संगीत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो देश स्वतंत्र होत होता, त्या दिवसांतलं. अमेरिकन नाचगाण्यांची लय तिथल्या वादकांनी उलटी करून घेतली. आपण एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि असं मोजलं, तर त्यातल्या प्रत्येक 'आणि'वर गिटार छाटल्यासारखी वाजते. पाय पडतो आकड्यावर आणि ठोका येतो 'आणि'वर. त्यामुळे अंग सारखं वर उचललं जातं, जमिनीवर टेकतच नाही. वर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन. आपल्या वरातीच्या बँडमध्ये जी पितळी वाद्यं असतात तीच, फक्त जास्त ऐटीत. जमैकाहून इंग्लंडच्या कारखान्यांत आणि बसडेपोंत कामाला आलेल्या लोकांबरोबर हे संगीतही आलं.

कोव्हेंट्री हे मोटारींचं शहर. १४ नोव्हेंबर १९४०च्या एका रात्रीत जर्मन विमानांनी ते जाळून टाकलं, आणि मग जे नव्याने उभं राहिलं ते काँक्रीटचं, रुंद रस्त्यांचं आणि कारखान्यांच्या भोंग्यांवर चालणारं. पन्नास-साठच्या दशकांत तिथे पगार इतका चांगला होता, की स्कॉटलंड, आयर्लंड, पंजाब, जमैका, जिथून तिथून माणसं आली. त्या कामगारवस्तीच्या पुढच्या पिढीतून १९७७ साली हा बँड तयार झाला. सात जण. गिटारवाला लिनव्हल गोल्डिंग आणि गायक नेव्हिल स्टेपल यांचा जन्म जमैकाचा. मुख्य गायक टेरी हॉल कोव्हेंट्रीचाच, चेहऱ्यावरची रेषही न हलवता गाणारा. आणि सगळ्यांना एकत्र बांधणारा, ऑर्गन वाजवणारा, गाणी लिहिणारा, पुढचे दात नसलेला जेरी डॅमर्स. याचा जन्म १९५५ साली आपल्या उटकमंडला झालेला. वडील चर्चचे धर्मगुरू होते आणि पुढे ते कोव्हेंट्रीच्या कॅथेड्रलमध्ये आले. बॉम्बने जळालेल्या जुन्या कॅथेड्रलचे उघडे अवशेष तसेच ठेवून त्याला लागूनच नवं बांधलं आहे. ज्या मुलाने शहराची पडझड रोज अशी शेजारी उभी पाहिली, त्याच्या गाण्यांत नाचता नाचता खिन्नता का येते, हे मला तिथे उभं राहिल्यावर उमगलं.

डॅमर्सने रेकॉर्ड कंपनीही स्वतःचीच काढली, टू-टोन नावाची. काळा-पांढरा चौकटीचा पट्टा ही तिची खूण. काळे आणि गोरे एकाच मंचावर, हा त्या खुणेचा सरळ अर्थ होता, आणि नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे मोर्चे निघत असलेल्या इंग्लंडमध्ये तो अर्थ प्रत्येकाला कळत होता. गायक एल्व्हिस कॉस्टेलोने निर्मिती केलेली त्यांची पहिली रेकॉर्ड म्हणजे जुन्या स्काला पंकचा, तेव्हाच्या आरडाओरड्याच्या रॉकचा, राग लावलेली धमाल. १९८०च्या सुरुवातीला त्यांचं एक गाणं इंग्लंडच्या खपाच्या यादीत पहिलं आलं. पोरं तशाच टोप्या, तसेच काळे सूट घालू लागली. आंटींचा मुलगा पगडी बांधायचा, त्यामुळे टोपी नाही, पण काळा-पांढरा चौकटीचा मफलर त्याने हट्टाने घेतला होता. तो अजून त्या माळ्यावरच्या खोक्यात होता.

अशा वेळी दुसऱ्या रेकॉर्डीत काय करायचं असतं? पहिलीसारखीच अजून एक. सगळं जग तेच मागत होतं.

त्या वर्षी बँड अमेरिकेचा दौरा करून आला होता. दौऱ्यात माणूस शहरं कमी आणि हॉटेलं जास्त बघतो. हॉटेलची लॉबी, लिफ्ट, विमानतळ, परत हॉटेल. या सगळ्या जागांत छतातून एक संगीत झिरपत असतं. व्हायोलिनांचं, मंद रुंब्याचं, कुणीही ऐकू नये म्हणून वाजवलेलं. डॅमर्सने ते ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, त्याच्या मनात ते घर करून बसलं. आणि कोव्हेंट्रीच्या होरायझन स्टुडिओत दुसरी रेकॉर्ड करायला बसल्यावर त्याने ठरवलं, की आपण हेच वाजवायचं. घरगुती ऑर्गन, डब्यातला ठोका, बोसा नोव्हा, रुंबा.

इथे मला माझा कॅसिओ आठवला. आमच्या सोसायटीत नव्वदच्या दशकात ज्याच्या घरी थोडेफार पैसे आले, त्याच्या घरी कॅसिओ आला. त्यावर डाव्या हाताला बटणांची रांग असायची : रॉक, डिस्को, वॉल्ट्झ, रुंबा, बोसा नोव्हा. दाबलं की बारीक, कोरडा, न थकणारा ठोका सुरू. टुक-टुक-चिक-टुक. आम्हाला रुंबा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण दुपारी सगळे झोपलेले असताना ते बटण दाबून मी नुसती ऐकत बसायचे. त्या आवाजात एक विचित्र एकटेपण होतं. माणूसच नाही आणि तरी ताल चालू आहे. 'मोअर स्पेशल्स'ची दुसरी बाजू लावली आणि 'स्टिरिओटाइप' सुरू झालं, तेव्हा तोच डब्यातला ठोका ऐकून माझ्या अंगावर काटा आला. भोसरीतली ती दुपार कोव्हेंट्रीच्या माळ्यावर येऊन बसली.

रेकॉर्ड सुरू होते ती मात्र ओळखीच्या वाटेनेच. पहिलं गाणं 'एन्जॉय युअरसेल्फ', मजा करून घ्या, वाटतं त्यापेक्षा उशीर झाला आहे. मूळ गाणं १९४९ सालचं, अमेरिकेतलं, हलकंफुलकं. जमैकाच्या प्रिन्स बस्टरने ते स्कामध्ये आणलं आणि या मुलांनी ते त्याच्याकडून उचललं. नाचावंसं वाटतं. पण शब्दांकडे लक्ष गेलं की पाय जरा अडखळतो. लगेच पुढचं गाणं 'मॅन ॲट सी अँड ए' अणुयुद्धाचं. सी अँड ए म्हणजे तिथलं तेव्हाचं कपड्यांचं साधं, स्वस्त दुकान. त्या दुकानातून शर्ट घेणाऱ्या माणसाला आपल्या डोक्यावर पडणाऱ्या बॉम्बबद्दल काही विचारलं जात नाही, एवढंच त्या गाण्याचं म्हणणं. बॉम्बने जळालेल्या शहरातल्या मुलांनी ते लिहावं याला वेगळं वजन आहे. 'हे लिटल रिच गर्ल' गिटारवाल्या रॉडी बायर्सचं. श्रीमंत घरची मुलगी लंडनला जाते आणि तिची वाताहत होते. त्यात मॅडनेस बँडच्या ली थॉम्पसनचा सॅक्सोफोन आहे, छान आहे, पण मला ते गाणं पहिल्या रेकॉर्डीतून चुकून इकडे आल्यासारखं वाटतं. या बाजूचं शेवटचं 'सॉक इट टू एम जे. बी.' आलं, की मी बहुतेक वेळा सुई उचलून ठेवते.

आणि त्याआधी 'डू नथिंग'. लिनव्हल गोल्डिंगचं गाणं.

एक माणूस रोज त्याच रस्त्यावरून चालत जातो. पायात नवे बूट आहेत. कुठे जायचं नाही. पोलिसाशी गाठ पडते. परत तोच रस्ता. एवढंच. चाल इतकी गोड आणि सैल, की खुर्चीत बसल्या बसल्या मान डुलायला लागते. टेरी हॉल ते गातो तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नाही, राग नाही, काहीही नाही. ते 'काहीही नाही' ऐकून मी पहिल्यांदा रेकॉर्ड थांबवली होती.

कारण मी तो माणूस पाहिला आहे. बाबांच्या कंपनीने व्हीआरएस काढली तेव्हा मी सातवीत होते. स्वेच्छानिवृत्ती म्हणायची, पण स्वेच्छा कुणाची होती ते सगळ्यांना माहीत होतं. बाबा तेव्हा बेचाळीस वर्षांचे. त्यानंतरही कित्येक महिने ते सकाळी सहाला उठायचे, दाढी करायचे, आईने इस्त्री केलेला शर्ट घालायचे आणि पावणेसातला बाहेर पडायचे. फर्स्ट शिफ्टच्या वेळेला. कंपनीच्या रस्त्याने चालत जायचे. गेटसमोरच्या टपरीवर एक कटिंग घ्यायचे आणि परत यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, पाय मोकळे करून आलो. बूट ते रोज पॉलिश करायचे. सेफ्टी शूज होते, पुढे लोखंडी टोप असलेले. घराच्या दारात ते बूट काढताना जो धप्प आवाज व्हायचा, तो मला गाण्यातल्या प्रत्येक ठोक्यात ऐकू येतो.

हिशेबाचे पैसे अडकले होते. कुठल्याशा कार्यालयात फायली फिरत होत्या. बाबा एसटीडी बूथवरून फोन लावायचे, मी कधी कधी बरोबर जायचे. पलीकडे 'होल्ड करा' म्हणायचे आणि मग एक पिपाणीसारखी धून सुरू व्हायची, तीच तीच, गोल फिरणारी. बाबा रिसीव्हर कानाला लावून मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत उभे राहायचे. ती धून खूप प्रसन्न होती. त्यांच्या चेहऱ्याला ती कुठेच चिकटत नव्हती.

म्हणून डॅमर्सने लिफ्टमधलं संगीत का निवडलं असेल, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. १९८० साल होतं. कोव्हेंट्रीच्या कॅनली भागात ट्रायम्फच्या गाड्या बांधणं त्याच वर्षी थांबलं. त्याच ऑगस्टमध्ये ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा वीस लाखांच्या पुढे गेला. आमच्या हर्बर्टची जन्मदाती कंपनी एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या मशीन-टूल कंपन्यांपैकी एक होती. १९७५ साली तिला वाचवायला सरकारला धावून यावं लागलं, आणि ऐंशीचं दशक उजाडता उजाडता ती मोडीत निघाली. अशा वेळी आरडाओरड्याची गाणी सगळेच करत होते. पंकवाल्यांनी तीन-चार वर्षं तेच केलं होतं. डॅमर्सने ओळखलं, की माणसाला गप्प बसवण्यासाठी जो आवाज वापरतात, तो मोठा नसतो. तो मऊ असतो. त्याने तोच मऊ आवाज घेतला आणि त्याच्या पोटात खरं काय चाललंय ते भरलं.

दुसरी बाजू म्हणजे हेच सगळं. 'स्टिरिओटाइप'मध्ये एक तरुण पितो, आजारी पडतो, डॉक्टर त्याला सतरा आठवडे दारू बंद सांगतात, मग तो एकदम सगळी कसर भरून काढतो आणि गाडीसकट दिव्याच्या खांबावर जातो. मागे पुरुषांचा समूहस्वर असा येतो, की प्रेतयात्रेत कुणी स्पॅनिश गाणं म्हणत असावं. दुसऱ्या भागात नेव्हिल स्टेपल जमैकन पद्धतीने बोलत-गात शिरतो आणि ताल लांबतच जातो. 'हॉलिडे फोर्टनाइट' नुसती वाद्यधून आहे. कारखाने उन्हाळ्यात पंधरा दिवस एकदम बंद व्हायचे आणि अख्खं शहर सुट्टीवर निघायचं, समुद्रावर, ज्याला जमेल तो स्पेनला. त्या पंधरवड्याची ही धून. पितळी वाद्यं उन्हात चमकल्यासारखी. हिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, मला मात्र ती जीव लावून गेली. आमच्याकडेही दिवाळीत कंपनी बंद असायची आणि आम्ही गणपतीपुळ्याला जायचो. सुट्टीचा आनंद तेव्हाच असतो जेव्हा परत जायला गेट असतं. ही धून वाजवली गेली तेव्हा त्या शहरातल्या हजारो माणसांना परत जायला गेट उरलं नव्हतं.

'आय कान्ट स्टँड इट'मध्ये टेरी हॉलबरोबर गायिका ऱ्होडा डाकार गाते. एकमेकांना विटलेलं जोडपं, दोघंही एकाच सुरात, शेजारी शेजारी. त्यानंतर 'इंटरनॅशनल जेट सेट'. विमानात बसलेला एक घाबरलेला माणूस, आजूबाजूला खिदळणारे प्रवासी, आणि ऑर्गन गुप्तहेरांच्या सिनेमात वाजावा तसा सरपटत जाणारा. शेवटी पायलटचा शांत, अदबशीर आवाज येतो. काय होतं ते मी सांगत नाही. मी ते पहिल्यांदा ऐकलं ते इयरफोनवर, हीथ्रोहून मुंबईला येताना, आणि मला ते काढून ठेवावं लागलं.

मग पुन्हा 'एन्जॉय युअरसेल्फ'. तेच गाणं, रेकॉर्डीच्या शेवटी. पण आता त्यातला स्का निघून गेला आहे. संथ, दमलेलं, पार्टी संपल्यावर खुर्च्या उलट्या करून ठेवतात त्या वेळचं. मागे गो-गोज या अमेरिकन बँडच्या मुलींचे आवाज आहेत, गोड आणि लांबून आल्यासारखे. पहिल्या वेळी जे वाक्य हाताला धरून नाचायला ओढत होतं, तेच वाक्य चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी ऐकताना त्यातलं 'उशीर झाला आहे' एवढंच उरतं. एक अक्षर न बदलता अर्थ कसा उलटवायचा, हे मी आमच्या कीर्तनकारांकडे पाहिलं आहे. तोच अभंग सुरुवातीला आणि शेवटी म्हणायचा, मधल्या निरूपणाने तो बदललेला असतो. इथे मधली गाणी हेच निरूपण.

हे सगळं सहज झालं नाही. त्या सात जणांत या रेकॉर्डीवरून फार ओढाताण झाली. बायर्सला रॉकबिली हवं होतं, ड्रमवाल्या जॉन ब्रॅडबरीचा जीव सोल संगीतात होता, आणि ज्या बँडकडे इतका तगडा ड्रमर आहे त्याने डब्यातला ठोका का वापरायचा, हा प्रश्न रास्तच होता. मला त्या ओढाताणीत कुणी एक चूक होता असं वाटत नाही. पण डॅमर्स ऐकला नाही म्हणून ही रेकॉर्ड झाली, आणि डॅमर्स ऐकला नाही म्हणूनच तो बँड फार काळ टिकला नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दौऱ्यात मारामाऱ्या होत. केंब्रिजला प्रेक्षक आणि सुरक्षारक्षक यांच्यात जुंपली, ती थांबवायला गेलेल्या हॉल आणि डॅमर्सलाच अटक झाली आणि पुढे दंडही झाला. लिनव्हल गोल्डिंगवर त्याच वर्षी वर्णद्वेषी हल्ला झाला. त्याने त्यावर गाणं लिहिलं, त्याचं नाव एकाच शब्दाचं : 'व्हाय?'

आंटींनी मला याच्यापुढचं सांगितलं. एका संध्याकाळी मी रेकॉर्ड लावली होती आणि त्या धुतलेल्या चादरी घेऊन वर आल्या. पलंगाच्या कडेवर बसल्या. १९८१चा एप्रिल. सतनाम सिंग गिल नावाच्या विद्यार्थ्याला शहराच्या मध्यभागी, भर दिवसा भोसकून मारलं. आंटींचा मुलगा त्या वेळी पंधरा वर्षांचा. "मी त्याला आठवडाभर शाळेत पाठवलं नाही," त्या म्हणाल्या. "मग मोर्चे निघाले. आमचे लोक गेले, याचे वडीलही गेले." त्या जूनमध्ये स्पेशल्सनी कोव्हेंट्रीच्या बट्स मैदानात वांशिक सलोख्यासाठी कार्यक्रम केला. नॅशनल फ्रंटवाले त्याच दिवशी मोर्चा काढणार म्हणत होते, घराघरांत भीती होती. मुलगा आंटींना न सांगता गेला. "रात्री आला तेव्हा मी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग जवळ घेतलं." चादरीची घडी त्यांनी दोनदा मोडली आणि दोनदा घातली. "हे कोणतं गाणं म्हणालीस? तेव्हा मला सगळी एकसारखी वाटायची."

'डू नथिंग' चालू होतं. मी त्यांना शब्द सांगितले, हिंदीतून, जमतील तसे. त्या म्हणाल्या, "हमारे सरदारजी भी ऐसे ही चलते थे." फाउंड्री बंद झाल्यावर त्यांचे यजमान दोन वर्षं रोज असेच फोलशिल रोडवरून चालून यायचे.

'घोस्ट टाउन' या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. जुलै १९८१मध्ये इंग्लंडची शहरं पेटलेली असताना ते यादीत तीन आठवडे पहिलं होतं. त्यातला तो घरंगळणारा ऑर्गन, ती भुताटकीची मजा, ते सगळं 'मोअर स्पेशल्स'च्या दुसऱ्या बाजूवरूनच चालत आलं आहे. लोक त्या गाण्याला चमत्कार म्हणतात. मला तो चमत्कार वाटत नाही, कारण त्याची तालीम मी माळ्यावर ऐकली होती. त्याच वर्षी हॉल, स्टेपल आणि गोल्डिंग बँड सोडून गेले. नंतर कित्येक वर्षांनी बरेचसे परत एकत्र आले, डॅमर्सशिवाय.

या रेकॉर्डीत एक माणूस आहे ज्याच्याबद्दल न लिहिता पुढे जाणं मला जमणार नाही. रिको रॉड्रिग्ज. ट्रॉम्बोन. जन्म १९३४, क्यूबा. जमैकात अल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकला. गरीब मुलांसाठी नन्सनी चालवलेली ही शाळा, आणि जमैकाचे निम्मे मोठे वादक तिथूनच निघालेले. १९६१मध्ये इंग्लंडला आला. म्हणजे या मुलांनी जे संगीत पुन्हा जिवंत केलं, ते तो पहिल्यांदा जन्मलं तेव्हापासून वाजवत होता. तो त्यांच्याबरोबर वाजवायला उभा राहिला तेव्हा पंचेचाळिशीत होता आणि ती पंचविशीत. 'डू नथिंग'ची जी आवृत्ती डिसेंबर १९८०मध्ये वेगळी निघाली, तिच्यावर श्रेय असं दिलं आहे : द स्पेशल्स, सोबत रिको, आणि 'आइस रिंक स्ट्रिंग साउंड्स'. बर्फावर घसरत खेळायच्या मैदानात जी व्हायोलिनं वाजतात तसली कृत्रिम व्हायोलिनं, आणि त्यांच्या मधोमध हा अस्सल ट्रॉम्बोन. रिको फार सूर वाजवत नाही. एक सूर घेतो, त्याला थोडा खाली झुकू देतो, सोडतो. आमच्या गल्लीत लग्नाच्या बँडमध्ये एक म्हातारे ट्रम्पेटवाले होते. वरात मंडपाशी पोचली की बाकीचे वाजवायचे थांबत आणि ते एकटे अजून दोन ओळी वाजवत राहत. रिको ऐकताना मला ते दिसतात. २०१५ साली तो गेला, त्याच वर्षी ब्रॅडबरीही गेला. टेरी हॉल डिसेंबर २०२२मध्ये. त्या दिवशी मी पुण्यात होते आणि मी इथल्या कुणाला काय सांगणार होते? मी 'डू नथिंग' लावलं आणि स्वयंपाक केला.

बाबा एकदाच कोव्हेंट्रीला आले, मे महिन्यात, आई गेल्यानंतरच्या वर्षी. त्यांना मी कॅथेड्रल दाखवलं आणि समोरच्या संग्रहालयात नेलं. त्या संग्रहालयाचं नाव 'द हर्बर्ट'. आल्फ्रेड हर्बर्टनेच त्यासाठी पैसा दिला होता. बाबा दाराशी त्या नावापुढे थांबले, हात पाठीमागे बांधून, बराच वेळ. फोटो काढू का विचारलं तर नको म्हणाले. मग खिशातून चष्मा काढून घातला आणि म्हणाले, "काढ."

माळ्यावर मी त्यांना रेकॉर्ड ऐकवली. पूर्ण, दोन्ही बाजू. त्यांना इंग्रजी गाणी कळत नाहीत आणि आवडतही नाहीत, त्यामुळे मी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. थांब. उताराच्या छपराखाली ते थोडे वाकून बसले होते. कुठल्या गाण्याला त्यांना काय वाटलं ते मला माहीत नाही. रेकॉर्ड संपल्यावर सुई मधल्या खाचेत टक् टक् करत राहिली. मी उचलायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बेअरिंग गेलंय याचं जरासं. ऐकू येतंय."

परत जायच्या आदल्या दिवशी त्यांना सामान घ्यायचं होतं, शेजाऱ्यांना द्यायला चॉकलेटं वगैरे. आम्ही कॅनलीला गेलो. जिथे ट्रायम्फच्या गाड्या बांधत, त्या जमिनीवर आता मोठी दुकानं आणि गाड्या लावायची जागा आहे. मी त्यांना ते वाटेत सांगितलं होतं. आत गेल्यावर ते ट्रॉली सोडून वर छताकडे बघत राहिले, मग खाली फरशीकडे. बुटाच्या टाचेने फरशीवर दोनदा ठोकून पाहिलं. वरून कुठल्याशा गाण्याची नुसती चाल वाजत होती, शब्द काढून टाकलेली, हळू.

"हे तुझ्या त्या रेकॉर्डीतलं का?"

"नाही, बाबा."

"तसंच आहे," ते म्हणाले, आणि ट्रॉली घेऊन बिस्किटांच्या रांगेकडे वळले.